दोन कुंभांतील बाळ



पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावचे अवशेष आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन झाले. वस्ती ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराची, शेतकऱ्यांची. घरातले तान्हे मूल दगावले की मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत मूल ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरीत. जवळ कधी लहानसे भांडे.

आपल्या युवकांपैकी एकाने विचारले, “फादर, यांचा बाप्तिस्मा कुठे झाला होता?” पोरे हसली. मला हसू आले नाही, कारण हाच प्रश्न डोळे पुसत विचारणाऱ्या आया मला भेटल्या आहेत.

त्या माणसांचा विश्वास काय होता, हे कुंभ सांगत नाहीत. बाळ पुन्हा त्याच आईच्या पोटी यावे अशी त्यांची समजूत असेलही. ती आपली श्रद्धा नव्हे. मात्र कृती वाचता येते. ज्याला टाकून द्यायचे असते त्याच्यासाठी कोणी कुंभ घडवीत नाही, निवडीतही नाही.

आणि आपण? स्नानसंस्काराविना गेलेली बाळे कित्येक ठिकाणी दफनभूमीच्या कडेला, प्रार्थनेशिवाय पुरली गेली. लिंबोची शिकवण त्यामागे होती. ती कधीच श्रद्धासिद्धांत नव्हती, पण आईच्या काळजावर तिचे ओझे सिद्धांताइतकेच पडले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशा बालकांना देवाच्या दयेच्या हाती सोपवले. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले. आशा म्हटले, खात्री नव्हे. हा फरक मी लपवणार नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आशा हा शब्द मला दुबळा वाटे. आता वाटत नाही. खात्री आपल्याजवळ असते; आशा दुसऱ्यावर टाकावी लागते, आणि तो दुसरा येथे लेकरांना जवळ येऊ द्या म्हणणारा आहे.

मग स्नानसंस्काराची घाई कशाला, असे कोणी म्हणेल. आशा आहे म्हणून देणगी नाकारायची नसते. बाळाला घेऊन लवकर या.

आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती आणि बाळ आधीच गेले, तर बिशपांच्या परवानगीने ख्रिस्तसभेचा अंत्यविधी होऊ शकतो. १९८३ च्या धर्मसंहितेत तशी तरतूद आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि लाजेने विचारलेही जात नाही. रात्र असली तरी पाद्रीबंगल्याचे दार वाजवा. ज्यांची बाळे पूर्वी भिंतीकडेला ठेवली गेली, त्यांनी जागा दाखवावी. मी येऊन प्रार्थना करीन.

आपला,
फादर