ज्याचं काम, त्याचं लॉगिन

एका गावात पंपाचे सुटे भाग बनवणारी लहानशी कंपनी होती. मालक कष्टाळू आणि पैशाला जपणारा होता. हाताखाली बारा माणसं होती. धंदा वाढला तसा हिशेब वह्यांत मावेना, म्हणून त्याने सॉफ्टवेअर घेतलं. त्याचे पैसे दर लॉगिनमागे महिन्याला भरायचे होते. मालकाने एकच लॉगिन घेतलं आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ऑफिसच्या कपाटाला चिकटवला.

सगळे त्याच एका नावाने कामाला लागले. गोदामातला पोरगा आत शिरला की बिल करणाऱ्या ताई बाहेर फेकल्या जायच्या. "झालं का रे तुझं?" ही हाक दिवसभर ऐकू यायची. तरी पैसे वाचत होते, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मार्चअखेर साठा मोजला. संगणकात बेअरिंगं २४० होती, रॅकवर २४. शून्य जास्त दाबलं गेलं, की माल गेला? नोंद उघडली. तिच्यात तारीख होती, वेळ होती, आणि नाव होतं 'ऑफिस'. संशय गोदामातल्या पोरावर गेला, कारण तो सगळ्यांत नवा होता. "शेठ, मी नाही केलं," तो म्हणाला. पण ते दाखवून द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्या दुपारी त्याने डबा उघडला नाही.

ऑडिटरनेही टोकलं. "१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तुमचं तसं आहे. पण सगळ्यांचं नाव एकच, मग ती नोंद सांगणार तरी काय?"

मालक आता दुसऱ्या टोकाला गेला. "बारा जणांना बारा पूर्ण लॉगिन घेऊ, तेरावं माझं." पण खर्चाचा आकडा आला आणि त्याला घाम फुटला.

तेव्हा म्हाताऱ्या मुनीमकाकांनी एक कोरा कागद घेतला. ते प्रत्येकाजवळ जाऊन बसले आणि एवढंच विचारत गेले, "तू यात लिहितोस काय, बदलतोस काय आणि नुसतं बघतोस काय?"

कागद भरला. हिशेबाचे दोघे, खरेदीचा एक आणि बिल करणाऱ्या ताई दिवसभर नोंदी करत. त्या चौघांना पूर्ण लॉगिन. फिरतीवरचे तिघे फक्त शिल्लक माल बघत. त्यांना बघण्यापुरतं, ते बरंच स्वस्त होतं. गोदामातले पाच जण पाळीपाळीने एकाच संगणकावर बसत. तिथे त्या संगणकापुरतं एक लॉगिन, पण प्रत्येकाचा पिन वेगळा.

"आणि माझं?" मालकाने विचारलं.

"शेठ, तुम्ही स्वतः शेवटचं बिल कधी केलंत?"

मालकाला आठवेना. त्याने पेन घेतलं, आपल्या नावापुढचं 'पूर्ण' खोडलं आणि तिथे 'बघणे व मंजुरी' असं लिहिलं. कपाटावरची चिठ्ठीही त्यानेच फाडली.

पुढे एकदा पुन्हा आकडा चुकला. नोंदीत खरेदीवाल्याचं नाव निघालं. "घाईत माझ्याकडून झालं," तो म्हणाला आणि तिथल्या तिथे दुरुस्ती झाली. कोणाकडे बोट गेलं नाही. मालक उठून गोदामात गेला. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या दिवशी मी तुला उगाच बोललो."

लॉगिन हा मान नव्हे, ते काम आहे. म्हणून ते हुद्दा पाहून वाटू नये. ज्याला बघायचं आहे त्याला बघण्याचं द्यावं, ज्याला लिहायचं आहे त्याला लिहिण्याचं, आणि जो नोकरी सोडेल त्याचं त्याच संध्याकाळी बंद करावं. खर्च तेवढ्यानेच आटोक्यात येतो. काटकसर अधिकारात करावी, माणसाच्या नावात करू नये. नाव वेगळं असलं, तर चुकणाऱ्याला चूक सुधारता येते आणि न चुकणाऱ्याला ताठ मानेने उभं राहता येतं.