सापडलेल्या फितीचा पंचनामा

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा एका परीक्षेच्या निमित्ताने आमच्या नोकरीच्या गावी आला आणि चार दिवस राहिला. या मुलखात घरी येऊन मराठी बोलणारी तरुण मंडळी वर्षाकाठी एखाददुसरीच. त्यामुळे ती म्हणतील त्यास मान डोलावण्याची आम्हांस सवय झाली आहे. परीक्षा संपल्याच्या रात्री त्याने एक अमेरिकन भयपट लावला. नाव, ‘ऑल्वेज वॉचिंग : अ मार्बल हॉर्नेट्स स्टोरी’, साल 2015, दिग्दर्शक जेम्स मोरन. कर्ज न फिटल्यामुळे जप्त झालेल्या घरांवर वृत्तांत करण्यास निघालेल्या एका लहान वृत्तपथकाला एका ओसाड घरात चित्रफितींची पेटी सापडते. त्या घरातील कुटुंब कोठे गेले ते कोणास ठाऊक नाही. फितींत मात्र एक उंच, काळ्या पोशाखातला, चेहरा नसलेला पुरुष उभा असतो, आणि तो पुढे या पथकाचीही पाठ सोडीत नाही. आपणांस दिसते ते सर्व पात्रांनी स्वतःच टिपलेले चित्रण आहे, अशी बतावणी शेवटपर्यंत चालते.

चित्रपट सामान्य आहे. पहिला अर्धा तास बरा, पुढे धावपळ फार. परंतु कॅमेरा सतत इतका हलत होता की आम्हांस मळमळू लागले, आणि आम्ही विचारले, “अरे, पैसे खर्च करून चित्रपट काढतात, तर तो स्थिर हाताने का काढीत नाहीत?” भाचा हसून म्हणाला, “मामा, नीट घेतलं तर खरं वाटत नाही.”

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. ज्याचे आयुष्य कागदांवर विश्वास ठेवण्यात गेले आहे त्याला ते सहज विसरता येण्यासारखे नव्हते. आमच्याकडे नीटनेटके असेल तेच खरे मानण्याचा प्रघात. येथे विस्कटलेले असेल तेच खरे. दोन्हीकडे विश्वास बसतो तो रूपावर. मग प्रश्न असा की, पुराव्याचे रूप घेऊन जी कथा येते ती कथा म्हणावयाची की लबाडी?

हा चेहरा नसलेला पुरुष जन्मला तोच मुळी खोट्या पुराव्यातून. जून 2009 मध्ये एरिक नुडसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने मुलांच्या दोन जुन्या छायाचित्रांत अशी एक आकृती मिसळली आणि त्यांखाली खऱ्या घटनेची वाटावीत अशी टिपणे लिहिली. त्या आकृतीस ‘स्लेंडर मॅन’ हे नाव मिळाले. अवघ्या दहा दिवसांनी, 20 जूनला, अलाबामातील काही तरुणांनी यूट्यूबवर ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही मालिका सुरू केली. एका विद्यार्थ्याने आपला चित्रपट अर्धवट टाकला, त्याच्या फिती मित्राच्या हाती आल्या, आणि तो मित्र त्या एकेक करून पाहतो व लोकांसमोर ठेवतो, एवढीच मांडणी. आकृती जवळ आली की चित्र फाटते, आवाज कर्कश होतो. पाच वर्षे चाललेल्या या मालिकेचे मुख्य भाग 87 भरले. ट्रॉय वॅग्नर आणि जोसेफ डिलेज ही तिच्या कर्त्यांची नावे. पण मालिका चालू असता बोलत होते ते ‘जे’ नावाचे पात्र. प्रेक्षागृह नाही, तिकीट नाही, पडदा उघडत नाही, पडत नाही. शेजारच्या चौकटीत कोणाचे लग्न, कोणाची सहल, आणि मध्येच हे.

भाच्याचे मत असे की मालिका चित्रपटाहून कितीतरी भयंकर आहे. काही भाग पाहून आम्हांसही ते पटले. कारण उघड आहे. चित्रपट झाला की नटांची नावे येतात. चेहरा नसलेला पुरुष म्हणजे डग जोन्स हा नामांकित नट, हे कळते. चित्रपट त्यामुळे प्रामाणिक झाला, आणि त्याच मानाने दुबळाही झाला.

बतावणी काही आजची नव्हे. होरेस वॉलपोलने 1764 साली ‘कॅसल ऑफ ऑट्रांटो’ प्रसिद्ध केली ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपले कर्तृत्व कबूल केले. 1897 ची ‘ड्रॅक्युला’ ही सारी रोजनिश्या, पत्रे आणि कात्रणे यांची चळत आहे. ती वाचताना कोणी पोलीसचौकीकडे धाव घेतली नाही. हातात कादंबरी आहे हे हातालाच कळत होते.

आपल्या शास्त्रकारांनी या ठिकाणी फार सूक्ष्म विचार केला आहे. रंगमंचावरील नटाला पाहून ‘हा राम’ असे जे ज्ञान होते, ते शंकुकाच्या मते सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो तसे ते आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाचे मत पुढे खोडून काढले, ते असो. परंतु भयानक रसाचा विचार करताना त्याने स्वतः जे उदाहरण घेतले ते आमच्या प्रश्नाच्या अगदी मर्मावर बोट ठेवते. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून पाहत धावणारे हरिण आपण पाहतो. त्याचे भय आपणांस जाणवते, पण ते ‘माझे’ भय नसते, मित्राचे नसते, शत्रूचे नसते. अमुक ठिकाणचे, अमुक वेळेचे नसते. देशकालाच्या त्या गाठी सुटल्या म्हणूनच भयाचा आस्वाद घेता येतो. गाठी कायम राहिल्या तर प्रेक्षक आस्वाद घेणार नाही, पळून जाईल.

सापडलेल्या फितीचा सारा खटाटोप आहे तो या सुटलेल्या गाठी पुन्हा बांधण्याचा. ‘अमुक तारीख, अमुक गाव, या माणसांचा पत्ता लागला नाही.’ मग आमच्या भाच्याला मजा कशी आली? कारण त्याला ठाऊक होते. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी हलता कॅमेरा हाही एक नाट्यसंकेतच, चित्रातल्या घोड्याचे चित्रातलेच खोगीर. ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे मात्र चित्र नसतेच. त्याच्यापुढे घोडा असतो, आणि तो उधळलेला असतो.

‘ठाऊक नसू द्यावयाचे’ हा जेव्हा धंद्याचा भाग होतो तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाने 1980 साली ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ काढला आणि नटांना वर्षभर लोकांपुढे न येण्याच्या करारात बांधले. खून खरेच झाले असा संशय येऊन चित्रपट जप्त झाला, आणि दिग्दर्शकाला न्यायालयापुढे आपले नट जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागले. माणसे सुखरूप निघाली. कॅमेऱ्यापुढे मारलेले कासव, माकड, डुक्कर हे मात्र खरोखरच मेले होते. त्यांचा पुरावा कोणाला द्यावा लागला नाही. पुढे 1999 साली ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला. तीन नटांनी स्वतःच्याच नावांनी कामे केली, कॅमेरेही स्वतःच चालविले, आणि ते बेपत्ता असल्याच्या जाहिराती झळकल्या. मुलीच्या आईला दुखवट्याची पत्रे आली. चित्रपटाने जगभर सुमारे 25 कोटी डॉलर मिळविले. आणि 2024 साली याच तिघांना आपल्या कामाचा वाजवी मोबदला मिळावा म्हणून जाहीर पत्र काढावे लागले. मेलेल्यांनी हिशोब मागावयाचा नसतो, असेच कोणास वाटले असावे.

यावर कोणी म्हणेल की भोळेपणा हा भोळ्याचाच दोष. हे आम्हांस मान्य नाही. 31 मे 2014 रोजी अमेरिकेतील वॉकशा या गावी बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला रानात नेऊन तिच्यावर सुरीचे एकोणीस वार केले. स्लेंडर मॅनला संतुष्ट करावयाचे, अशी त्यांची समजूत होती. ती मुलगी सरपटत वाटेवर आली आणि वाचली. हल्ला करणाऱ्या दोघींचे मन आजारी होते, असे पुढे न्यायालयात ठरले. या कृत्याचा भार कोणा एका मालिकेवर किंवा चित्रावर टाकणे अन्यायाचे होईल. तरी एवढे खरे की, त्या मुलींच्या हाती जे आले त्यास पुठ्ठा नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, कर्त्याची कबुली नव्हती.

याच ठिकाणी हा विषय अमेरिकेतून आपल्या दारी येतो. 2018 च्या सुमारास आपल्या देशात एक चित्रण हातोहात फिरत होते. दुचाकीवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. ते मूळ कराचीत बनविलेले प्रबोधनपर चित्रण. शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापला. एवढेच केले. कथेची चौकट काढून टाकताच तीच फीत पुरावा झाली, आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवांनी ठिकठिकाणी निरपराध माणसांचे बळी घेतले. अशाच अफवेच्या दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. ते एका लहान मुलीशी बोलले, एवढे निमित्त पुरले.

तेव्हा आमचे मत असे बनले आहे की दोष बतावणीत नाही. वॉलपोलनेही बतावणी केलीच. दोष आहे तो खरेखोटे शोधण्याची वाट बुजविण्यात. शेवटचा फलक कापण्यात. ‘मार्बल हॉर्नेट्स’च्या कर्त्यांकडे या कसोटीने पाहता आम्ही त्यांस लबाड म्हणणार नाही, कारण शोधू इच्छिणाऱ्याला वाट होती. बारा वर्षांच्या मुलाला ती दिसली असती काय, हे मात्र आम्हांस छातीठोकपणे सांगवत नाही, आणि आमच्या मताची ही कच्ची बाजू आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

शिवाय दुसऱ्यांस कच्चे म्हणण्याचा अधिकार तरी आम्हांस कितपत आहे? नोकरीच्या प्रारंभी, कोणत्या जिल्ह्यात ते सांगण्याचे कारण नाही, अतिक्रमणाचे एक प्रकरण आमच्यापुढे आले. सोबतचा पंचनामा निर्दोष होता. चतुःसीमा, वेळ, पंचांची वये, सह्या, सगळे जेथल्या तेथे. त्यावर विसंबून आम्ही आदेश कायम केला आणि एका विधवेची झोपडी पाडली गेली. वर्षभराने त्यांतील एक पंच कामानिमित्त आमच्याकडे आला आणि बोलण्याच्या ओघात सहज म्हणाला, की त्या जागी तो कधी गेलेलाच नव्हता. कोऱ्या कागदावर सही घेतली होती. आम्ही त्याच दिवशी टिपण लिहून वर पाठविले. फाईल परत आली नाही.

ही हकीकत आम्ही त्या रात्री भाच्याला सांगितली. दिवा त्याने अजून मालविला नव्हता. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, “मामा, पण त्या बाईंचं पुढे काय झालं?” आम्ही त्याला सांगितले की ते आम्हांस ठाऊक नाही. तोवर आमची बदली झाली होती.