तयारीतला क्षण

लग्नाचा मुहूर्त सकाळचा असला, तरी फोटोग्राफरचं काम आदल्या रात्रीच सुरू होतं. बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, मेमरी कार्डं रिकामी करायची, लेन्स पुसून ठेवायच्या.

मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांकडे बघतात. हा क्षण जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. नेमक्या त्याच वेळी अक्षता उधळल्या जातात, मामा मध्ये येतात, पाहुण्यांचे मोबाईल उंचावतात. "पुन्हा एकदा करा" म्हणायची सोय नसते. म्हणून अंतरपाट कुणाच्या हातात आहे, कोणत्या बाजूला ओढला जाणार, हे फोटोग्राफरनं आधीच हेरलेलं असतं.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत दिल्लीत अशाच निसटत्या क्षणांवर नजर ठेवून असत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

चांगला फोटो पाहून आपण म्हणतो, "काय नशीब, नेमका क्षण सापडला!" पण क्षण सगळ्यांसमोरूनच जातो, सापडतो तो तयारीत असलेल्याला. आज तुमच्या कामात असा पुन्हा न येणारा क्षण कोणता असेल? घराबाहेर पडण्यापूर्वी त्याची तयारी करून ठेवा.