तळ्याच्या काठावरचा मनुष्य

संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्यावर कोणालाही मज्जाव नव्हता. तरीही अडतीस वर्षे आजारी असलेला तो मनुष्य काठावरच राहिला. पाणी हालताच त्याला आत सोडणारे कोणी नव्हते. त्या तळ्याचा अहवाल कोणी लिहिला असता, तर बरे झालेल्यांची संख्या आली असती. हा मनुष्य त्यात आला नसता.

अपंग बांधवांसाठीच्या आरोग्ययोजना आम्ही अशाच जोखतो. (शासन आता 'दिव्यांग' म्हणते, शब्दाने पायऱ्या कमी होत नाहीत.) १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले, रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत अग्रक्रमही त्यात आला. आमच्या धर्मग्रामाने मात्र आरोग्य शिबिर भरविले ते पहिल्या मजल्यावर! तपासलेल्यांचा आकडा आम्ही वेदीवरून अभिमानाने वाचला. चाकाच्या खुर्चीवरील एक भगिनी जिन्याखालूनच परतली, हे आम्हांस महिन्याने कळले. तिचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

येशूने तळ्यापाशी प्रथम त्या मनुष्यालाच त्याची इच्छा विचारली. आम्ही त्या भगिनीकडे गेलो, तेव्हा ती म्हणाली, "फादर, मला कोणी विचारलंच नव्हतं."