फलत्याग आणि फलपरीक्षा

कर्माच्या फळावर हक्क सांगू नये, ही गीतेची शिकवण मराठी मनात इतकी खोल रुजलेली आहे की, केलेल्या कामाचे पुढे काय झाले असे विचारणेसुद्धा अनेकांना आसक्तीचे लक्षण वाटते. दान द्यावे आणि विसरून जावे, या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, असा संस्कार घराघरांत होतो. उलट आधुनिक राज्यव्यवहारात एका देशाने दुसऱ्या देशाच्या सरकारला आर्थिक धोरण राबवण्यासाठी पैसा, धान्य किंवा तज्ज्ञ पुरवले की त्या साहाय्यातून नेमके काय निष्पन्न झाले याची तपासणी, तीही देणारा आणि घेणारा या दोघांहून वेगळ्या तिसऱ्याकडून करवून घेणे, हे कर्तव्य मानले जाते. या तपासणीलाच स्वतंत्र मूल्यमापन म्हणतात. या दोन भूमिका एकमेकींच्या विरोधी आहेत की एकमेकींना पूरक, आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा खरा अर्थ कोणता, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. नेरळच्या ग्रामपंचायतीचा कारभार ज्या कर्जत पंचायत समितीशी जोडलेला आहे, तिच्या प्रमुख अधिकाऱ्याला गटविकास अधिकारी म्हणतात, आणि या पदनामातील ‘गट’ हा शब्द मुळात एका परदेशी साहाय्याने उभ्या राहिलेल्या कार्यक्रमातून आलेला आहे. ५ जानेवारी १९५२ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला, अमेरिकेने त्यासाठी पाच कोटी डॉलर देऊ केले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास कार्यक्रमाचा ५५ प्रकल्पांनिशी आरंभ झाला. एका प्रकल्पात सुमारे ३०० गावे, त्यांचे साधारण शंभर-शंभर गावांचे तीन गट, आणि काही गावांमागे एक ग्रामसेवक अशी ती रचना होती. याच ऑक्टोबर महिन्यात नियोजन आयोगाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली आणि तिची धुरा पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे आली. कार्यक्रम राबवणारे प्रशासन वेगळे आणि त्याचे मोजमाप करणारी संघटना वेगळी, ही व्यवस्था कार्यक्रमाच्या पहिल्याच महिन्यात केली गेली, ही गोष्ट आजही आदराने नोंदवावी अशी आहे, कारण पुष्कळ योजनांत मूल्यमापनाची आठवण पैसा संपल्यानंतर येते.

त्या संघटनेच्या अहवालांनी सरकारची पाठ थोपटली नाही. लाभ गटाच्या मुख्यालयाजवळच्या आणि रस्त्यालगतच्या गावांना आधी पोचतो, मोठ्या जमीनधारकाला अधिक मिळतो, आणि लोक आपणहून पुढे येण्याऐवजी सरकारकडे डोळे लावून बसतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १९५७ साली बळवंतराय मेहता समितीनेही लोकांचा पुढाकार जागा झालेला नाही असा निर्वाळा देऊन निवडून आलेल्या संस्थांच्या हाती कारभार सोपवण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात तिची परिणती १९६१ च्या कायद्यात आणि १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांत झाली. कर्जत आणि खालापूर येथील पंचायत समित्या अशा रीतीने एका परीक्षणाच्या वारसदार आहेत. परीक्षकांनी फळ कडू असल्याचे सांगितले, आणि ते ऐकले गेले म्हणून झाडाची मशागत बदलली.

आता दानाच्या तत्त्वाकडे वळले पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील सात्त्विक दान ते, जे देश, काल आणि पात्र पाहून, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला, केवळ देणे योग्य म्हणून दिले जाते. प्रत्युपकाराची आशा धरून किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. या कसोटीला लावले तर राष्ट्राराष्ट्रांमधील बहुतेक साहाय्य राजस ठरते, कारण त्याला धोरणाच्या अटी जोडलेल्या असतात: चलनाचे मूल्य घटवा, आयातीवरील बंधने सैल करा, अनुदाने कमी करा. मात्र येथे एक बारकावा निसटू नये. देश, काल आणि पात्र पाहावे, असे सात्त्विक दानाच्या व्याख्येतच म्हटले आहे, आणि जो पाहतो तो परीक्षाच करतो. म्हणजे फळाचा लोभ नसावा, पण दान कोणाला, कोठे आणि कोणत्या वेळी पोचते याची जाण असावी, अशी दुहेरी अपेक्षा मूळ विचारातच आहे. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी दानाचा अर्थ योग्य वाटणी असा धरला. तो मान्य केला की देणाऱ्याचा मोठेपणा गळून पडतो आणि वाटणी खरोखर झाली का, हा प्रश्न अपरिहार्य होतो, कारण वाटणी मोजूनच सिद्ध होते.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या बाबतीत एक आक्षेप आधीच उभा केलेला आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही पाश्चात्य कसोटी त्यांना अपुरी वाटली, कारण केवळ बाह्य परिणामावरून कर्त्याची बुद्धी शुद्ध होती की नाही हे ठरत नाही, आणि नीतीचे मूळ बुद्धीत आहे. व्यक्तीच्या बाबतीत हा युक्तिवाद फार बळकट आहे. परंतु सरकार किंवा जागतिक बँकेसारखी संस्था यांना व्यक्तीसारखे अंतःकरण नसते. त्यांच्या हेतूंत परराष्ट्रनीती, व्यापार, करुणा आणि कार्यालयीन सवय यांची सरमिसळ असते, आणि ती निवडून काढणे कोणालाच शक्य नाही. म्हणून संस्थांच्या कर्माचा न्याय परिणामांवरूनच करावा लागतो. टिळकांची कसोटी येथे रद्द होत नाही, ती जागा बदलते: शुद्ध बुद्धीची अपेक्षा आता परीक्षकाकडून करायची असते. देणाऱ्याला यश दाखवायचे असते आणि घेणाऱ्याला पुढचा हप्ता हवा असतो, त्यामुळे दोघेही फळाशी बांधलेले असतात. ज्याने त्या फळावरचा हक्क सोडला आहे, त्यालाच ते फळ आहे तसे दिसू शकते. फलत्याग ही फलपरीक्षेची पात्रता आहे, असे यावरून म्हणता येते.

परंतु निर्लोभ दृष्टी असूनही परीक्षा अवघड राहते, आणि त्याचे कारण ज्ञानाच्या स्वरूपात आहे. एखादी गोष्ट दुसरीचे कारण आहे हे ठरवण्यासाठी भारतीय तर्कपरंपरेने अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी वापरली: हे असताना ते असते, हा अन्वय, हे नसताना ते नसते, हा व्यतिरेक. शेतकरी खत घातलेल्या आणि न घातलेल्या वाफ्यांची तुलना करून दोन्ही पाहू शकतो, आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रात नवे वाण याच न्यायाने पारखले जातात. देशाच्या आर्थिक धोरणाला मात्र दुसरा वाफा नसतो. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. यामागे जागतिक बँकेच्या बेल शिष्टमंडळाची शिफारस होती, आणि धोरण बदलल्यास दरसाल सुमारे ९० कोटी डॉलरचे साहाय्य मिळेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९६५ चा पाऊस फसलेला होता, १९६६ चाही फसला, आदल्या वर्षी युद्ध होऊन गेले होते, आणि पहिल्या वर्षानंतर साहाय्य अपेक्षेइतके आले नाही. महागाई वाढली, तेव्हा दोष अवमूल्यनाचा, अवर्षणाचा, की वचन न पाळणाऱ्यांचा? अवमूल्यन झाले नसते तर काय झाले असते, हा व्यतिरेक कोणालाच पाहता आला नाही, आणि तरीही धोरण फसले हे मत पुढे अनेक वर्षे जणू प्रत्यक्ष प्रमाण असावे तसे वावरत राहिले. सरकारच्या तिजोरीत थेट भरल्या जाणाऱ्या, म्हणजे अर्थसंकल्पीय, साहाय्याचे सात देशांतील जे संयुक्त मूल्यमापन २००६ साली प्रसिद्ध झाले, त्यालाही हीच अडचण होती, कारण तिजोरीत पडलेला परक्याचा रुपया आणि करदात्याचा रुपया एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. अशा ठिकाणी प्रामाणिक परीक्षकाने निश्चितपणे सांगता येईल तितकेच सांगून थांबावे. खात्री नसताना आकडा देणे हा फळाच्या लोभाचाच एक प्रकार आहे.

मग विश्वास कोणावर ठेवावा? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्त, म्हणजे ज्याचे सांगणे प्रमाण मानावे असा माणूस, कोण हे सांगताना दोन अटी घातल्या: त्याने ती गोष्ट साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असेही त्याने स्पष्ट केले. दीड हजार वर्षांहून जुने हे वाक्य आजच्या वादाला थेट भिडते. परदेशी परीक्षक परका आहे म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही आणि देशी परीक्षक आपला आहे म्हणून ती ग्राह्य ठरत नाही. पण स्वतंत्र मूल्यमापनाच्या आजच्या व्यवहारात दुसऱ्या अटीचीच, म्हणजे हितसंबंध नसण्याची, काळजी घेतली जाते आणि पहिली अट हलकी धरली जाते. खरी उणीव येथे आहे.

नेरळ परिसरातील भातशेतीचे उदाहरण घेतल्यास ही उणीव डोळ्यांपुढे येते. येथे शेतकरी उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांचा टहाळ यांचे थर पसरून ते जाळतो. याला राब म्हणतात, आणि मृगाच्या आगेमागे त्या भाजलेल्या मातीत भाताचे बी पेरले जाते. ज्या शेण-पाल्याचा राब होतो त्याच शेण-पाल्याचे कंपोस्ट होते, त्यामुळे कंपोस्टच्या एखाद्या योजनेत किती खड्डे खणले एवढेच मोजणाऱ्याच्या कागदावर भरघोस यश दिसेल, आणि आषाढात आवणीच्या वेळी खड्ड्यात मात्र पाणी साचलेले असेल. जो राब जाणत नाही, त्याला खड्डा रिकामा का हे विचारायचे सुचणारच नाही. तसेच कातकरी कुटुंबांचे. भाताची कापणी उरकली की त्यांतील पुष्कळ वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाहणी करणाऱ्यांना मात्र हिवाळा सोयीचा, कारण तेव्हा माथेरानच्या उतारावरील वाड्यांपर्यंत पायवाटा कोरड्या असतात. ज्यांच्यासाठी योजना, ते भट्टीवर. ज्यांनी ती पारखायची, ते ओस वाडीत. असा अहवाल कोणाचा मिंधा नसतो, आणि तरीही तो आप्तवाक्य नसतो.

परीक्षेचा खर्च कोणी दिला यावरूनच तिचे स्वातंत्र्य ठरवण्याची घाईसुद्धा टाळली पाहिजे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला, त्याला अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते, आणि तरीही १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक किमान गरजेच्या खाली होते आणि पुढील विकासाचा लाभ तळापर्यंत नीट झिरपला नाही, असे नियोजनकर्त्यांना आणि साहाय्यकर्त्यांना दोघांनाही न रुचणारे निष्कर्ष त्यांनी मांडले. आकडेवारीवर पुढे वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पैसा परक्याचा असला तरी पद्धत उघड होती, आकडे कोणालाही तपासता येत होते, आणि लेखक आपल्याच समाजाला उत्तरदायी होते.

याच कर्जत तालुक्यात परीक्षेचे एक साधे रूपही नांदलेले आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ठाकर व कातकरी कुटुंबे सावकाराकडून खावटी घेत आणि सुगीला ती दिढीने, म्हणजे मणाला दीड मण या हिशेबाने, फेडत. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँकांचे काम उभे केले, ते या फासातून सुटण्यासाठी. अशा कोठीत धान्य घालणारा, त्यातून उचलणारा आणि माप धरणारा एकाच वाडीतला असतो. कोठी श्रावणात पुरली की नाही हे सांगायला वेगळ्या परीक्षकाची गरज पडत नाही, कारण ते चुलीवरच कळते. धोरणाला दिलेल्या साहाय्यात घेणारी असते तिजोरी, आणि ज्याच्या नावाने ते घेतले जाते तो माणूस चार पायऱ्या खाली उभा असतो. त्याला माहिती म्हणून मोजले जाते, साक्षीदार म्हणून बोलावले जात नाही.

मूल्यमापन करणारी संस्था परदेशी असो वा देशी, तिचा अहवाल इंग्रजीत लिहिला जाऊन वरच्या कार्यालयात पोचला एवढ्याने तिचे काम पुरे झाले असे मानता येणार नाही. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांपुरते तरी लोकप्रतिनिधींनी आणि गटविकास अधिकाऱ्यांनी एवढा आग्रह धरावा: परक्या साहाय्याने चाललेल्या कोणत्याही योजनेचा अहवाल आधी मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, ही ग्रामसभा वीटभट्टीवरची कुटुंबे परतल्यानंतर भरवावी, आणि तिने नोंदवलेले म्हणणे जोडल्याशिवाय तो अहवाल पुढे पाठवू नये.