हिवाळ्यापूर्वी ये

शास्त्रपाठ : तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय ४, वचने ६ ते २१



प्रेषित पौल रोम येथे बंदिवासात होता. आपल्या मरणाची वेळ समीप आली आहे हे तो जाणून होता, व ह्याच अध्यायात त्याने ते उघडपणे लिहिले आहे. ज्याची धाव संपत आली व ज्याचा मुगूट स्वर्गात ठेवलेला आहे, अशा मनुष्याने पत्राच्या शेवटी काय मागावे? त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा त्याने मागितला, पुस्तके मागितली, आणि तीमथ्याने हिवाळा लागण्यापूर्वी येऊन पोहोचावे अशी कळकळीची विनंती केली.

त्या समुद्रात हिवाळ्यात गलबते चालत नसत. जसा आपल्या सातपाटीच्या व मुरब्याच्या कोळी बांधवांचा समुद्र पावसाळ्यात बंद होतो, तसाच तो समुद्र थंडीत बंद होई. म्हणून तीमथ्याने एक महिना उशीर केला असता तर तो उशीर एका महिन्याचा न राहता सबंध ऋतूचा झाला असता, आणि म्हातारा पौल थंड तुरुंगात झग्यावाचून बसून राहिला असता.

सांप्रत आपल्या पालघर तालुक्यात भाताची झोडणी आटोपत आली आहे. कणग्या सारवून तयार आहेत, कोठे पेंढा रचला जात आहे, कोठे भात निघालेल्या शेताच्या ओलीवर वाल पेरला जात आहे. किनाऱ्यावर बोंबील वाळत आहेत. पहाटेच्या गारठ्याबरोबर घरोघरी खोकलाही ऐकू येऊ लागला आहे. अशा समयी ख्रिस्ती घराने हिवाळ्याची तयारी कशी करावी, ह्याविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोणी म्हणेल, “उद्याची चिंता करण्यास प्रभूने मना केले आहे. मग साठा करणे व रोग येण्याआधीच सुई टोचून घेणे हा अविश्वास नव्हे काय?” ह्याचे उत्तर निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. रानात इस्राएल लोकांनी देवाची आज्ञा मोडून मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तेव्हा त्यात किडे पडले. परंतु शब्बाथासाठी देवाच्याच आज्ञेने जो ठेवला, तो सकाळी चांगला राहिला. मान्ना एकच, भांडीही तीच. पण एक साठा भयाचा होता व दुसरा आज्ञापालनाचा. चिंता रात्रभर जागते आणि काहीच करीत नाही. तरतूद दिवसा काम करते आणि रात्री स्वस्थ निजते. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याच्याविषयी पौलाने तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात किती कठोर शब्द लिहिले आहेत, ते घरी जाऊन अवश्य वाचावे.

रोग व रिकामी कणगी ही दोन्ही एकत्र आली म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने एकदा पाहिले आहे. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली व आगगाडीच्या वाटेने देशभर पसरली. सप्टेंबर व ऑक्टोबरात तिची दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा फारच घातक ठरली. त्याच वर्षी पाऊस चुकला, पिके बुडाली व धान्य महागले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या काळी ह्या रोगावर लस नव्हती. त्याचा विषाणूही माणसांत १९३३ साली ओळखला गेला. आपल्या पणज्यांच्या हाती जे नव्हते ते आज आपल्या हाती आहे. देवाने दिलेले साधन बाजूस सारून देवाचे रक्षण मागणे ह्याला विश्वास म्हणता येत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूने नकार दिला, तो ह्याच कारणासाठी.

ह्या लशीविषयी साध्या गोष्टी सांगतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू वरचेवर रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. सुई घेतल्यावर अंगी बळ येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, यास्तव गावात ताप पसरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ती आधीच घ्यावी. आपल्या प्रांतात हा ताप पावसाळ्यात वाढतो, व पुन्हा जानेवारी ते मार्च ह्या दिवसांतही डोके वर काढतो. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिच्याने इन्फ्लुएंझा होत नाही. हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, इतकेच. साध्या पडशावर तिचा उपाय नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले ह्यांनी डॉक्टरांस विचारून ती अवश्य घ्यावी. सहा महिन्यांच्या आतील बाळास ती देता येत नाही. पण गरोदरपणी आईने घेतली तर बाळाचेही पहिले काही महिने रक्षण होते. आईच्या उदरातच लेकरासाठी झगा विणला जातो, असे म्हटले तरी चालेल.

आता आम्हांस स्वतःच्या एका अपराधाविषयी बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक कातकरी कुटुंब, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी, दिवाळीनंतर वसईकडील वीटभट्टीवर निघाले. त्यांची धाकटी मुलगी आठ महिन्यांची होती. आम्ही दारात उभे राहून प्रार्थना केली, देव राखील असे म्हटले, आणि त्यांना निरोप दिला. मुलीचे लसीकरणाचे कार्ड छपराच्या वाश्यात खोवलेले तसेच राहिले. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराची लस द्यावयाची असते, व ती कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांना ठाऊक नव्हते. ते सांगण्यास आम्हांस एक मिनिट पुरले असते. फाल्गुनात भट्टीवर गोवर आला. मूल वाचले, देवाची स्तुती असो. परंतु कान वाहू लागले व एका कानाने ते बहिरे झाले. आजही उपासनेत ती मुलगी आमचा शब्द ऐकण्यासाठी मान वळवून बसते. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की उघड्या व उपाशी भावास ऊब व तृप्ती यांचा नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणे निष्फळ आहे. ती मुलगी मान वळवते तेव्हा तो अध्याय आम्हांपुढे उघडतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यात स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक घरी जा. प्रार्थना करा, आणि कार्ड कोठे आहे ते विचारा. पुढची लस कोणत्या महिन्यात आहे ते आशाताईंकडून समजून घ्या व आईच्या तोंडून दोनदा म्हणवून घ्या. २०२२ च्या अखेरीस मुंबई व भिवंडी येथे गोवराने लेकरे दगावली, हे विसरू नका. मूल भराभर श्वास घेऊ लागले, छाती आत ओढू लागले किंवा दूध सोडले, तर रात्र काढू नये, तडक दवाखाना गाठावा, हेही सांगा. आणि लोक सुईला भीत असतील तर आपला दंड आधी पुढे करा. १८९७ च्या जानेवारीच्या १० तारखेस मुंबईत हाफकिनसाहेबांनी प्लेगाची नवी लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली होती.

घरधन्यांनो, खळ्यावर सावकार उभा आहे म्हणून सगळे भात स्वस्तात घालवून श्रावणात तेच महागाईने विकत घेऊ नका. बियाणे निराळे ठेवा. भात, नाचणी व वाल कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवा. भगिनींनो, थंडीसाठी दारे लावाल तेव्हा चुलीचा धूर बाहेर जाण्यास वाट ठेवा. तो धूर लेकरांच्या छातीत बसतो. बोईसरच्या चाळींत जे बांधव एका खोलीत चौघे-पाच राहून तारापूरच्या कारखान्यांत जातात, त्यांनी ताप आल्यावर तोंडावर रुमाल धरावा व घरी राहता येईल तर राहावे.

परंतु आपली कणगी भरली म्हणजे ख्रिस्ती माणसाची तयारी पूर्ण झाली असे नाही. लूकाच्या बाराव्या अध्यायातील धनवानानेही कोठारे भरली होती, आणि त्याला प्रभूने मूर्ख म्हटले, कारण त्याच्या बोलण्यात माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव ह्यांवाचून दुसरे काही नव्हते. मिसर देशात योसेफानेही कोठारे भरली. पण दुष्काळ पडताच ती उघडली, आणि ज्या भावांनी त्याला विकले त्यांनाही त्यातून धान्य मिळाले. कोठार कशाने भरले हे देव विचारील, आणि कोणासाठी उघडले हेही विचारील. सुईचेही तसेच आहे : ज्याला ताप येत नाही तो शेजारच्या म्हातारीला ताप देत नाही.

इन्फ्लुएंझाची लस राष्ट्रीय कार्यक्रमातील मुलांच्या मोफत लशींत नाही. गरिबास ती सहसा विकत घ्यावी लागते. म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक चुलीने रोज स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ निराळा काढावा व रविवारी मंडळीत आणावा. त्यातून ज्या विधवेला, ज्या वृद्धाला लस परवडत नाही त्यांची सोय व्हावी, आणि भट्टीवर निघालेल्या घराला पायली-दोन पायली तांदूळ बरोबर द्यावा.

तीमथ्य हिवाळ्यापूर्वी पोहोचला की नाही, तो झगा त्या खांद्यांवर पडला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण आपल्या गावात कोणाच्या दारी झगा पोहोचावयाचा राहिला आहे हे आपणांस ठाऊक आहे, आणि वाट अजून खुली आहे. प्रभू आपणांस वेळेवर निघण्याची बुद्धी देवो. आमेन.