दुष्काळाची झळ धनकोलाही

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतलं 48वं कलम कर्जबाजारी शेतकऱ्याविषयी आहे. पुरानं शेत वाहून गेलं किंवा पाण्याअभावी पीक आलं नाही, तर त्या वर्षी त्यानं सावकाराला धान्य द्यायचं नाही, व्याजही नाही. कराराची मातीची पाटी ओली करून मजकूर बदलायचा. अस्मानी संकटाचा भार एकट्या ऋणकोवर टाकणं अन्याय आहे, ही समज इतकी जुनी आहे.

झांबियाला हा न्याय मिळाला नाही. तांब्याच्या निर्यातीवर जगणाऱ्या या देशानं नोव्हेंबर 2020 मध्ये रोख्यांवरचं व्याज थकवलं. चीन, पाश्चात्त्य सरकारं, खासगी रोखेधारक असे धनको अनेक, आणि प्रत्येकाला धास्ती एकच: आपण सोडलेला पैसा दुसराच वसूल करील. सरकारी धनकोंशी समझोता व्हायला जून 2023 उजाडला, रोखेधारकांशी व्हायला 2024. त्याच वर्षी फेब्रुवारीत झांबियानं दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली.

सुलतानीही होतीच. 2022-23 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांवर नेले. महागाई अमेरिकेतली, पण नवं कर्ज महागलं ते गरीब देशांनाही.

मग सरसकट माफी द्यावी का? घेतलेलं फेडावं, ही नीतीही खरीच आहे. यहुदी धर्मशास्त्रानं सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली होती. पण ते वर्ष जवळ आलं की पैसेवाले हात आखडते घेत आणि गरिबाला उसनंही मिळेना. म्हणून धर्मगुरू हिलेल यांनी ‘प्रोझबुल’ हा दस्त आणला. कर्ज न्यायालयाच्या स्वाधीन केलं की वसुलीचा हक्क टिकायचा. दयेपोटी केलेला नियम गरिबावरच उलटतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

या पेचातून वाट काढली ती कॅरिबियन समुद्रातल्या चिमुकल्या ग्रेनाडानं. 2015 मध्ये कर्जाची फेररचना करताना त्यानं करारातच चक्रीवादळाचं कलम घातलं. जुलै 2024 मध्ये ‘बेरिल’ वादळानं बेटं उद्ध्वस्त केली, तेव्हा त्या कलमाच्या आधारे हप्ते पुढे ढकलले गेले. कर्ज बुडालं नाही, कुणाच्या विनवण्याही कराव्या लागल्या नाहीत. असं कलम दुष्काळासाठी आणि परक्या देशातल्या व्याजदरवाढीसाठीही हवं, आणि ते सरकारी व खासगी अशा सर्व धनकोंवर सारखंच बंधनकारक हवं. झांबियाची थकबाकी त्याआधीची असली, तरी व्याजदरवाढीत आणि दुष्काळात त्याला अशा कलमाचा आधार मिळाला असता.